रिजनरेटर-द्रव्यांची चाचणी : खोलीच्या तापमानाची मर्यादा

लहान क्रायोकूलरमध्ये हेलियम वायू सतत पुढे-मागे वाहत असतो. थंड टोकाकडे जाताना त्याची उष्णता शोषून घेणे व परतीच्या प्रवाहात ती त्यालाच देणे, हे रिजनरेटरचे कार्य होय. शीतकाची क्षमता बव्हंशी या भागावर अवलंबून असल्याने त्यात भरावयाच्या द्रव्याची पारख कशी केली जाते, हे चिकित्सेने पाहणे आवश्यक ठरते.

सोपी आणि अल्पखर्चिक म्हणून एकमार्गी प्रवाहाची चाचणी लोकप्रिय आहे. स्थिर तापमानाच्या भरणातून वेगळ्या तापमानाचा वायू एकदाच सोडावयाचा आणि बाहेर पडणाऱ्या वायूचे तापमान कालानुसार नोंदवावयाचे, एवढेच तिचे स्वरूप. ती खोलीच्या तापमानाला केली की मात्र निष्कर्ष फसवे ठरू शकतात. ३०० केल्विनला पोलाद समान घनफळाच्या शिशापेक्षा सुमारे अडीचपट उष्णता साठवते. २० केल्विनला शिसेच पोलादाच्या जवळपास सहापट भरते. शिशाचे डिबाय तापमान अवघे १०५ केल्विनच्या आसपास असल्याने त्याची उष्माधारकता उशिरा ढासळते. म्हणजे या चाचणीत भरणाची भूमिती आणि दाबघट यांची परीक्षा होते. द्रव्याची जवळजवळ होतच नाही.

साधारण १५ केल्विनखाली शिसेही निरुपयोगी होऊ लागते. १९९० च्या सुमारास एर्बियम-निकेल संयुगाने (तीन भाग एर्बियम, एक भाग निकेल) गिफर्ड-मॅकमहॉन शीतकास ४ केल्विनपर्यंत नेले, ते चुंबकीय संक्रमणाजवळ वाढणाऱ्या उष्माधारकतेमुळे. हा गुण खोलीच्या तापमानाला दिसणे शक्यच नाही.

तथापि उष्माधारकतेचा आलेखही पुरेसा पुरावा नव्हे. गिफर्ड-मॅकमहॉन यंत्र सेकंदाला एक-दोन आवर्तने करते, लहान स्टर्लिंग शीतक पन्नास-साठ. वारंवारता साठपट झाली की उष्णता शिरण्याची खोली सुमारे एक-अष्टमांश उरते, वायूतही आणि घनातही. मग वाटा बारीक कराव्या लागतात आणि दाबघट वाढते. म्हणून आंदोलित प्रवाहात, कार्यकारी तापमानाला व दाबाला घेतलेली चाचणीच निर्णायक मानावी लागेल. केवळ भाररहित किमान तापमान सांगणारा अहवाल (असे अहवाल दुर्मीळ नाहीत) अपुराच. ठरावीक तापमानाला किती वॅट उष्णता उचलली गेली आणि त्यासाठी किती विद्युतशक्ती लागली, हे त्यात हवे. ठिसूळ संयुगांच्या गोळ्यांबाबत आणखी एक नोंद अपरिहार्य आहे : किती तासांच्या आंदोलनानंतर त्यांची भुकटी होऊ लागली.