दलित आत्मकथनांचे प्रबंध आणि न विचारलेला प्रश्न

दलित आत्मकथनांवरचे प्रबंध मी अलीकडे बरेच वाचले. आधी पार्श्वभूमी, मग दारिद्र्याचे चित्रण, भुकेचे चित्रण, स्त्रीचित्रण, शेवटी भाषाशैली. उतारे भरपूर, प्रश्न एकही नाही. 'कोणकोणते चित्रण आले आहे?' याला मी प्रश्न मानत नाही. ती नुसती मोजदाद झाली.

प्रश्न कसा विचारावा यासाठी आम्हाला दूर जायला नको. ९ मे १९१६ रोजी कोलंबिया विद्यापीठात, गोल्डनवायझर यांच्या चर्चासत्रात, पंचवीस वर्षांच्या बाबासाहेबांनी जातींवरचा निबंध वाचला. सेनार, नेसफील्ड, रिस्ले, केतकर यांच्या व्याख्या त्यांनी एकेक करून तपासल्या. जातीबाहेर न जेवणे हे नेसफील्डला जातीचे मूळ वाटले होते. बाबासाहेबांनी दाखवले की तो परिणाम आहे, कारण नव्हे. केतकरांची दोन लक्षणे एकाच नाण्याच्या दोन बाजू ठरली. उरले जातीतल्या जातीत लग्न. एखादा अभ्यासक इथे समाधानाने थांबला असता. बाबासाहेबांनी पुढे विचारले : हे बंधन टिकते कसे? नवरा मेला तर मागे उरलेल्या बाईचे गटाने काय करायचे? बायको मेली तर पुरुषाचे काय? या एका प्रश्नातून सती, सक्तीचे वैधव्य आणि बालविवाह या चाली एकाच यंत्राचे भाग म्हणून उलगडल्या.

आता बेबीताई कांबळे यांचे 'जिणं आमुचं' घ्या. त्यातल्या कोवळ्या सासुरवाशिणींचे हाल वाचून आमचा प्रबंधकार 'स्त्रीदुःखाचे प्रभावी चित्रण' असा शेरा मारतो आणि पुढच्या प्रकरणाकडे वळतो. मी त्याला विचारतो, ज्या समाजात विधवेचा पाट लागत होता, सती नव्हती, तिथे सुनेवरचा हा पहारा कोणाच्या कामाचा होता? वरच्यांचे यंत्र आमच्या घरात कोणत्या रूपाने शिरले?

असे विचारल्याने विरोधकांच्या हाती कोलीत मिळते, असे आमच्यातलेच काही मित्र म्हणतात. मला ते पटत नाही. वाड्याच्या आणि देवळाच्या दाराशी जो प्रश्न आम्ही विचारला, तो स्वतःच्या उंबऱ्याशी आल्यावर गिळायचा काय? बेबीताईंनी आपले लेखन कित्येक वर्षे घरच्यांपासून लपवून ठेवले होते. हे लपवणे प्रबंधात आलेच तर लेखिकेच्या परिचयात, एका ओळीत येते. माझ्या मते अभ्यासाला सुरुवात तिथूनच व्हायला हवी होती.