‘कुंकू’तले मौन

प्रभातच्या ‘कुंकू’ला (१९३७) पार्श्वसंगीत नाही, ही गोष्ट चित्रपटविषयक लेखनात वारंवार नोंदवली जाते. व्ही. शांतारामांचा धाडसी प्रयोग म्हणून तिचे कौतुक होते आणि विषय तिथेच संपतो. माझ्या मते मात्र हे मौन केवळ तंत्राचे नाही. त्यामागे नीराला न्याय देणारी दृष्टी आहे.

ना. ह. आपटे यांच्या ‘न पटणारी गोष्ट’ या कादंबरीवरची ही कथा. नीराला फसवून वृद्ध बिजवर वकिलाच्या गळ्यात बांधले जाते आणि ती हा संसार मानायलाच नकार देते. या नकारामागे करुण सुरावट वाजली असती, तर नीरा दयेचा विषय झाली असती. संगीतकार केशवराव भोळे ती वाजू देत नाहीत. ऐकू येतात ते घरातले आणि रस्त्यावरचे आवाज. प्रेक्षकाने कोणाची बाजू घ्यायची, हे कोणतेही वाद्य सांगत नाही. निवाडा त्याचा त्यानेच करायचा.

हा संयम अचानक आलेला नाही. १९३३ साली नाट्यमन्वंतरच्या ‘आंधळ्यांची शाळा’त पदांचा सुकाळ टाळून प्रसंगापुरते संगीत देण्याचे काम भोळे यांनीच केले होते. काकासाहेबांची भूमिका करणारे केशवराव दातेही त्याच नाटकातले. ‘कुंकू’चे मूळ मला प्रभातच्या स्टुडिओइतकेच त्या रंगभूमीत दिसते.

मौन असे राखल्यामुळे शांता आपटे गातात तेव्हा त्या गाण्याला वजन येते. नीराच्या तोंडी लाँगफेलोची इंग्रजी कविता येते, ती करमणूक म्हणून नव्हे. लग्नाने जे तिच्याकडून हिरावू पाहिले, ते तिचे स्वतंत्र मन त्या सुरांत शाबूत आहे.

शेवट मात्र मला खटकतो. काकासाहेब आत्महत्या करतात आणि नीराच्या पुनर्विवाहाची इच्छा मागे ठेवतात. लढली नीरा, पण औदार्याचा मान गेला काकासाहेबांकडे. तिचे स्वातंत्र्य शेवटी नवऱ्याचे दान ठरते. कथेने इथे माघार घेतली, असे मला वाटते. संगीताने ती घेतलेली नाही. साऱ्या चित्रपटभर नीराचा आवाज कोणत्याही वाद्यमेळाच्या आधाराशिवाय उभा राहिलेला आपण ऐकलेला असतो. ‘कुंकू’चा खरा निकाल मी त्या आवाजात शोधतो, काकासाहेबांच्या निरोपात नव्हे.