राजीचा खेळ आणि राहूचें शिर

अद्भुत कथेंत अशक्य गोष्टी घडतात, याबद्दल सुज्ञ वाचक तक्रार करीत नाहीं. त्या कर्त्याच्या सोयीप्रमाणें केव्हांहि घडूं लागल्या म्हणजे मात्र तो कंटाळतो. पुण्याच्या 'नॉडिंग हेड्स गेम्स' या मंडळीनें २०२० सालीं प्रसिद्ध केलेला 'राजी : ॲन एन्शंट एपिक' हा व्हिडिओ गेम पाहतांना आम्हांस हें वारंवार आठवलें.

कथानक थोडक्यांत असें : पूर्वीं देवांकडून पराभूत झालेले असुर सूड घेण्यास परत येतात, आणि राखीच्या दिवशीं राजी नांवाच्या कसरतपटु मुलीचा धाकटा भाऊ गोलू याला पळवून नेतात. दुर्गा तिला त्रिशूल देते, पुढें विष्णु धनुष्य देतो. आणि हीं दोन दैवतेंच आपसांत बोलत राजीची हकीकत ऐकवितात. ही योजना आम्हांस फार आवडली. सूत-शौनकांच्या संवादाची संवय असलेल्यांस ती घरचीच वाटेल. राजस्थानी वाड्यांची आठवण देणारे महाल व त्यांतील भित्तिचित्रें तर पाहतच राहावीं अशीं आहेत.

पण या देणग्यांस अट कोणती? त्रिशूल मिळालें, तें कोणत्या बंधनावर? शस्त्रांस विजेचें, अग्नीचें तेज चढतें, त्याचें मोल राजीस काय द्यावें लागलें? ती रणांत पडते आणि पुन्हा उभी राहते, तें कोणाच्या वरानें? 'हा शेवटीं खेळ आहे' हें उत्तर आम्हांस पटत नाहीं. ज्यानें देवांस निवेदक केलें, त्यानें त्यांच्या तोंडून कारणहि वदवावें.

याचा कित्ता आमच्या श्रीरामपुराच्या अंगणांतच आहे. हें गांव रेल्वे आणि साखर यांच्या जोरावर अलीकडे वाढलेलें. त्याच्या स्टेशनास अद्याप बेलापूर हेंच नांव आहे. परंतु शेजारीं नेवाशास मोहिनीराजाचें देऊळ असून, मोहिनीनें अमृत वाटलें तें तेथेंच, राहूचें शिर पडलें ती राहुरी आणि काया पडली तें कायगांव, अशी आख्यायिका त्या टापूंत आहे. व्युत्पत्तीचा खरेखोटेपणा भाषापंडितांनीं पाहावा. आम्ही कथेची बांधणी पाहतों. राहूनें वेष पालटून अमृत तोंडांत घेतलें. सूर्यचंद्रांनीं चहाडी केली. अमृत गळ्याखालीं उतरण्यापूर्वींच चक्र सुटलें. म्हणून शिर तेवढें अमर. तेंच शिर वैरानें सूर्यचंद्रांस गिळतें, पण खालीं पोट नसल्यामुळें गिळलेलें बाहेर पडतें, आणि ग्रहण सुटतें! एका घोटाच्या हिशेबावर ही सारी इमारत उभी आहे. आजीच्या मांडीवरील पोरानें 'मग चंद्र परत कसा आला?' असें विचारलें, तर तिला 'देवाची लीला' म्हणून सुटका करून घ्यावी लागत नाहीं.

दुर्गेची स्वतःची कथा तरी दुसरें काय सांगते? पुरुषाच्या हातून आपणांस मरण नसावें हा महिषासुराचा वर. स्त्रीला त्यानें जमेस धरलें नाहीं, आणि तेथेंच तो फसला. राजी ही मुलगीच आहे! हा धागा कर्त्यांच्या हातांत होता. महाबलासुराच्याहि वरांत अशी एखादी फट ठेवून ती राजीकडून शोधविली असती, तर तिचा पराक्रम नुसत्या हाताच्या चपळाईचा राहिला नसता. आज तो तसाच राहिला आहे, आणि शेवटची झुंज संपली तरी कथा मध्येंच सोडल्यासारखी वाटते.

तरीहि हा खेळ मुलांच्या हातीं देण्यास आमची हरकत नाहीं. मात्र वडील माणसांनीं जवळ बसावें. कारण त्यांचे प्रश्न तेथें सुटणार नाहींत, ते घरांत येतील.