डाऊन म्हणजे खाली नव्हे!

इंग्रजीच्या कोशात ‘डाऊन’ला पानभर अर्थ दिलेले असतात, पण मोताळ्यात तो शब्द कसा नांदतो याची दखल एकाही कोशकाराने घेतलेली नाही. खरे तर घ्यायला हवी होती, कारण त्याचा मूळ अर्थ आमचाच आहे. जुन्या इंग्रजीत ‘डून’ म्हणजे टेकडी. ‘ऑफ डून’, म्हणजे टेकडीवरून, हे झिजत झिजत ‘डाऊन’ झाले. दक्षिण इंग्लंडात ‘साउथ डाऊन्स’ नावाच्या चक्क टेकड्या आहेत! थोडक्यात, डाऊन म्हणजे घाटाखाली. बुलडाण्याहून राजूरचा घाट उतरला की आम्ही आलोच.

घोटाळा केला तो रेल्वेने. मलकापूर स्टेशनात मुंबईकडे जाते ती अप आणि नागपूरकडे जाते ती डाऊन. आता मुंबई समुद्राकाठी. तिकडे जाताना गाडी कसारा घाट चक्क उतरते, तरी ती अप! कारण इंग्रज माणूस लंडनला नेहमी ‘वर’ जायचा. 1853 साली आगगाडी मुंबईहून निघाली तेव्हा लंडनची खुर्ची मुंबईला मिळाली. साहेब बसतो ती दिशा वर, मग खाली समुद्र का असेना.

याचे मराठी करायला जाऊ नये. ‘साहेब वर गेले’ म्हटले तर लोक हार घेऊन येतील. ‘खाली’चेही तेच. खाली बस म्हणजे रिकामी एस.टी., की बसण्याची आज्ञा, हे ऐकणाऱ्याने ठरवायचे. म्हणून आपण ‘अपडाऊन’ हा जोडशब्द घडवला. इंग्रजाला तो कळणार नाही. ‘ये-जा’ तर त्याच्यापुढे अगदीच पांचट. ‘गुरुजी अपडाऊन करतात’ या तीन शब्दांत मुख्यालयी राहण्याचा नियम, तो न पाळण्याची रीत, बायकोची नोकरी, पोरांची इंग्रजी शाळा आणि संध्याकाळच्या गाडीकडे लागलेला डोळा, सगळे येते. शब्द म्हणून मी त्याला पैकीच्या पैकी गुण देतो. पण डॉक्टर अपडाऊन करणारा असला की पोराच्या तापाने रात्री अप होऊ नये, एवढी खबरदारी गावाने घ्यायची असते.

आमच्या बँकेत या शब्दाने आणखी एक बिऱ्हाड थाटले. गेल्या मृगात एक म्हातारेबुवा बियाण्यासाठी पैसे काढायला तीन दिवस येत होते. तिन्ही दिवस मी काउंटरवरून एकच सांगितले, “बाबा, सर्व्हर डाऊन आहे.” तिसऱ्या दिवशी त्यांनी पासबुक धोतराच्या सोग्यात गुंडाळले आणि शांतपणे विचारले,

“सायेब, तो बी मलकापूरहून अपडाऊन करते काय?”