फाशांचा न्याय : ‘प्रपंच पाश’चा शेवट

जर्मन दिग्दर्शक फ्रान्झ ऑस्टेन आणि निर्माते-नट हिमांशु राय यांच्या सहकार्यातून निर्माण झालेल्या तीन मूकपटांपैकी ‘प्रपंच पाश’ (१९२९) हा अखेरचा. बर्लिनच्या ‘उफा’ या संस्थेचा त्याच्या निर्मितीत वाटा होता. जयपूर, उदयपूर व म्हैसूर येथील राजघराण्यांनी हत्ती, घोडे व माणसे पुरविली. निरंजन पाल यांच्या कथेचे बीज महाभारतातील द्यूतप्रसंगात आहे. रणजित आणि सोहन हे दोन द्यूतप्रिय राजे कण्व मुनींच्या कन्येवर, सुनितेवर, अनुरक्त होतात. सोहन खोट्या फाशांनी रणजितचे राज्य व स्वातंत्र्य जिंकतो. अखेरीस कपट उघडकीस येते, प्रजा राजवाड्यावर चालून जाते, सोहन कड्यावरून उडी घेऊन प्राण देतो आणि प्रेमिकांचे मीलन घडते.

हा शेवट डोळ्यांना तृप्त करतो; मनाला मात्र तो अपुरा वाटतो. कण्वांचा रणजितला असलेला विरोध खोट्या फाशांमुळे नव्हता, द्यूताच्या व्यसनामुळे होता. चित्रपटाने स्वतःच उभा केलेला हा नैतिक प्रश्न शेवटी कपटाच्या शोधात विरून जातो. फासे खरे असते, तर रणजितची दास्यावस्था न्याय्य ठरली असती काय? महाभारतातही शकुनीचे कपट आहे; पण व्यासांनी त्याच्या आडोशाने युधिष्ठिराला सुटू दिलेले नाही. स्वतःला हरलेल्या पुरुषाला पत्नी पणाला लावण्याचा अधिकार कोणता, हा द्रौपदीचा प्रश्न भर सभेत अनुत्तरित राहतो, आणि त्या अनुत्तरित राहण्यातच महाकाव्याचे सामर्थ्य आहे.

मराठी वाचकाला येथे कृ. प्र. खाडिलकरांचे ‘कीचकवध’ (१९०७) आठवणे स्वाभाविक आहे. तेथेही द्यूताच्या परिणामातून कथा उभी राहते आणि खलाच्या मृत्यूने संपते. परंतु प्रेक्षकांनी कीचकात कर्झन पाहिला आणि १९१० मध्ये सरकारला नाटकावर बंदी घालावी लागली. तेथील वध रंगमंचावर संपत नाही. तो प्रेक्षागृहात चालू राहतो. ‘प्रपंच पाश’मधील सोहनचा मृत्यू मात्र पडद्यावरच संपतो. येथे हजारोंचा जनसमुदाय उसळतो, तो एका राजाला हटवून दुसऱ्याला गादीवर बसविण्यासाठी. संस्थानिकांच्या साह्याने उभा राहिलेला हा जमाव याहून पुढे जाणे अवघडच होते.

२००७ मध्ये नितीन साहनी यांच्या नव्या संगीतासह या चित्रपटाची पुनरुज्जीवित प्रत लोकांसमोर आली, तेव्हा तिच्या दृश्यवैभवाचे कौतुक झाले. ते योग्यच होते. तथापि वैभवाची ही कृती आपल्या मूळ कथेपेक्षा सुखी आहे, ती अधिक शहाणी आहे म्हणून नव्हे. तिने द्रौपदीला प्रश्न विचारू दिला नाही म्हणून.