कुमारांच्या कादंबऱ्यांतील विषण्ण विनोद

हंसणारा मुलगा सुखी असतो, अशी आपल्या घरांतून एक जुनी समजूत आहे. जेवतांना थट्टामस्करी करणाऱ्या, शिक्षकांच्या हुबेहूब नकला करून दाखविणाऱ्या मुलाविषयीं आईबापांस चिंता वाटत नाहीं. चिंता वाटते ती अबोल मुलाची. कुमारवयीन मुलांवर अमेरिकेंत लिहिल्या गेलेल्या कांहीं कादंबऱ्या वाचल्या म्हणजे ही समजूत डळमळूं लागते. त्यांचे नायक वाचकास सारखे हंसवीत असतात, आणि आंतून ते पुरे खचलेले असतात. हा विनोद कशासाठीं येतो, आणि तो मुलांच्या हातीं द्यावा कीं नाहीं, हा प्रश्न प्रत्येक सुशिक्षित कुटुंबाच्या जिव्हाळ्याचा आहे. त्या दृष्टीनें दोन कादंबऱ्यांचा येथें विचार करूं.

पहिली जे. डी. सॅलिंजर यांची ‘द कॅचर इन द राय’. ती १९५१ सालीं प्रौढ वाचकांकरितां म्हणून प्रसिद्ध झाली. परंतु तरुणांनीं ती आपलीशी केली, आणि अमेरिकेंतील कित्येक शाळांनीं ती वर्ज्य ठरविली. सोळा वर्षांचा होल्डन कॉलफील्ड पांचांपैकीं चार विषयांत नापास होऊन शाळेंतून काढला जातो व घरीं न जातां न्यूयॉर्क शहरांत भटकत राहतो. ढोंगी हा त्याचा आवडता शब्द. भेटेल त्या माणसास तो हा शब्द चिकटवितो, आणि वाचकही त्याच्याबरोबर हंसतो.

या हास्याचें एक उदाहरण पाहण्यासारखें आहे. आगगाडींत होल्डनला एका वर्गबंधूची आई भेटते. तो वर्गबंधु अगदीं दुष्ट; पण होल्डन त्या माउलीपुढें त्याच्या सद्गुणांचें खोटें वर्णन करतो, आपलें नांव म्हणून वसतिगृहांतील झाडलोट करणाऱ्या गड्याचें नांव सांगतो, आणि सुटी लागण्यापूर्वींच घरीं कां निघालास असें तिनें विचारतांच मेंदूंतील गाठीवर शस्त्रक्रिया करावयाची आहे म्हणून ठोकून देतो. प्रसंग निव्वळ प्रहसनाचा आहे. परंतु या मुलाचा धाकटा भाऊ ॲली रक्ताच्या कर्करोगानें गेला आहे, आणि त्या रात्रीं यानें गॅरेजच्या खिडक्यांच्या कांचा मुठीनें फोडल्या होत्या, हें एकदां ध्यानांत घेतलें म्हणजे त्या थापेचा अर्थ पालटतो. घरावर कोसळलेल्या दुखण्याचें नांव ज्याला सरळ उच्चारतां येत नाहीं, तो तें एका अनोळखी बाईपुढें थापेच्या रूपानें उच्चारतो. हिवाळ्यांत तळें गोठल्यावर तेथील बदकें कोठें जातात, असें तो टॅक्सीवाल्यांस विचारतो. एक टॅक्सीवाला चिडून त्याला माशांविषयीं व्याख्यान देतो. आपण हंसतों, पण थंडींत निराधारांना कोण सांभाळतें हा त्या मुलाचा खरा प्रश्न अनुत्तरितच राहतो.

हें विनोदाचें कवच मराठी वाचकास अपरिचित नाहीं. भालचंद्र नेमाडे यांच्या १९६३ च्या ‘कोसला’ मधील पांडुरंग सांगवीकर वयानें थोडा मोठा, पुण्यास कॉलेजांत शिकणारा. ‘उदाहरणार्थ’ आणि ‘वगैरे’ या शब्दांनीं तो जगाची टर उडवीत असतो. परंतु धाकटी बहीण मनी दगावते तेव्हां तें उपरोधाचें चिलखत फुटतें आणि आंतील आक्रोश ऐकूं येतो. दोन्ही नायकांच्या चेष्टेखालीं भावंडाचा मृत्यु आहे, हें साम्य लक्षांत ठेवण्याजोगें आहे.

दुसरी कादंबरी अलीकडची व मुद्दाम कुमारांसाठींच लिहिलेली: नेड विझिनी यांची ‘इट्स काइंड ऑफ अ फनी स्टोरी’ (२००६). क्रेग गिलनर हा पंधरा वर्षांचा मुलगा वर्षभर घोकंपट्टी करून एका नामांकित शाळेच्या प्रवेशपरीक्षेंत पैकींच्या पैकीं गुण मिळवितो, आणि आंत गेल्यावर आपण सामान्य आहों या भीतीनें ग्रासला जातो. अन्न पोटांत ठरत नाहीं, झोंप येत नाहीं. त्याचे आईबाप प्रेमळ आहेत, घरांत कलह नाहीं. मुलाच्या विषण्णतेस नेहमीं आईबापच जबाबदार असतात हा समज लेखकानें येथें हळूच दूर केला आहे. बरें वाटतांच क्रेग औषध आपल्याच मतानें सोडतो, आणि एका रात्रीं जगणें नकोसें होतें. त्या वेळीं तो टेलिफोन करून मदत मागतो व आपल्या पायांनीं रुग्णालयांत जातो. कुमारविभागाची दुरुस्ती चालू असल्यामुळें त्याला प्रौढ रोग्यांत ठेवतात, आणि तेथून खरा विनोद सुरू होतो.

कलेच्या दृष्टीनें ही कृति सॅलिंजरच्या तोडीची नाहीं. पांच दिवसांत क्रेगला मैत्रीण मिळते, चित्रकलेची आवड परत सांपडते, खोलींतला अबोल सोबती बाहेर येतो. इतकें सगळें इतक्या लौकर जुळून येणें मनास पटत नाहीं. तथापि सॅलिंजरनें जें केलें नाहीं तें विझिनीनें केलें आहे. होल्डन ज्यांच्या ज्यांच्याकडे धांवतो, त्यांपैकीं त्याचें म्हणणें मनापासून ऐकून घेते ती दहा वर्षांची बहीण फीबी. मोठ्यांजवळ त्याला आसरा मिळत नाहीं. क्रेगला मात्र दार सांपडतें, आणि वाचणाऱ्या मुलासही तें कोठें आहे हें कळतें.

विझिनी २००४ सालीं स्वतः पांच दिवस ब्रुकलिनमधील रुग्णालयांत होते, आणि बाहेर येतांच महिन्याच्या आंत त्यांनीं ही कादंबरी लिहिली. २०१३ सालीं, वयाच्या बत्तिसाव्या वर्षीं, त्यांनीं आपलें जीवन संपविलें. मग पुस्तक खोटें ठरलें काय? आम्हांस तसें वाटत नाहीं. मदत मागितल्यानें ती रात्र टळली, एवढेंच पुस्तक सांगतें, आणि तें खरें आहे. हें दुखणें उलटूं शकतें. म्हणून मदतही पुन्हां पुन्हां मागावी लागते. कादंबरीच्या गोड शेवटांत हा भाग राहून गेला, हा तिचा दोष खरा.

अशा पुस्तकांनीं धडधाकट मूल खिन्न होईल, ही वडील माणसांची भीति आम्ही थट्टेवारी नेत नाहीं. होल्डनची तुच्छतेची भाषा तेवढी उचलून त्याचें दुःख न उचलणारे वाचकही निघतात. परंतु पुस्तक लपविल्यानें खिन्नता लपत नाहीं. जें मूल आधींच एकटें पडलें आहे, त्याला आपल्या अवस्थेला शब्द आहेत आणि दुसऱ्या कुणी ती भोगली आहे हें कळणें, हाच पुष्कळ मोठा आधार असतो. उपचार मात्र पुस्तकानें होत नाहीं. तो वैद्याचा विषय आहे.

तेव्हां हीं पुस्तकें घरांत येऊं द्यावींत, आणि मोठ्यांनींही तीं वाचावींत. तीं वाचल्यावर जेवणाच्या पानावर सगळ्यांना हंसविणाऱ्या मुलाकडे एकदां निराळ्या नजरेनें पाहावें, आणि हंसून झाल्यावर त्याची शांतपणें विचारपूस करावी.