शेतकरी कर्जमाफी : सुटका धनकोची की ऋणकोची?
(साक्री तालुक्याच्या संदर्भात एक चिकित्सा)

प्रस्तावना
कर्जात बुडालेल्या ग्रीसला २०१०, २०१२ आणि २०१५ असे तीनदा आंतरराष्ट्रीय अर्थसाहाय्य मिळाले. त्यातील मोठा भाग जुन्या धनकोंची देणी चुकविण्यात गेला. देशाचे उत्पन्न मात्र २००८ ते २०१३ या काळात सुमारे एक चतुर्थांशाने घटले. धनकोचे देणे फिटणे आणि ऋणको सावरणे या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे यावरून स्पष्ट होते. महाराष्ट्रातील कर्जमाफीची चिकित्साही याच कसोटीवर होणे आवश्यक आहे.

योजनांचे स्वरूप
केंद्र शासनाच्या २००८ च्या योजनेत दोन हेक्टरपर्यंतच्या शेतकऱ्यांची पात्र थकबाकी पूर्ण माफ झाली. त्याहून अधिक जमीन असणाऱ्यांना सर्वसाधारणपणे २५ टक्के सवलत मिळाली. राज्य शासनाने २०१७ मध्ये दीड लाख, तर २०१९ मध्ये दोन लाख रुपयांपर्यंत माफी जाहीर केली. अकरा वर्षांत तीनदा माफी द्यावी लागणे, हीच पहिल्या दोन माफींच्या मर्यादेची साक्ष होय.

चिकित्सा
साक्री तालुक्याचा पश्चिम भाग सह्याद्रीलगतचा व आदिवासीबहुल, तर पूर्व भाग अवर्षणप्रवण आहे. बागायती दोन हेक्टर व जिरायती दोन हेक्टर यांचे उत्पन्न सारखे नसते. २००८ च्या निकषाने मात्र त्यांना एकाच मापाने मोजले. सावकाराचे कर्ज त्या योजनेच्या कक्षेतच नव्हते. अंमलबजावणीही सदोष होती. नियंत्रक व महालेखापरीक्षकांनी २०१३ च्या अहवालात तपासलेल्या ९०,५७६ लाभार्थी खात्यांपैकी २०,२१६ प्रकरणांत त्रुटी नोंदविल्या.

कर्जमाफीने तात्कालिक दिलासा मिळतो व नव्या पीककर्जाची वाट मोकळी होऊ शकते, हे नाकारता येत नाही. तथापि माफीची रक्कम बँकेच्या थकीत खात्यात जमा होते. शेतमालाचा भाव, सिंचन आणि उत्पादनखर्च जेथल्या तेथे राहतात. डिसेंबर २०२३ मध्ये कांद्याची निर्यातबंदी लागू झाली व ती मे २०२४ पर्यंत टिकली. कांदा पिकविणाऱ्या साक्री-पिंपळनेर परिसरात अशा निर्णयाने परतफेडीची क्षमताच खालावते. एका हाताने थकबाकी पुसणारे शासन दुसऱ्या हाताने नव्या थकबाकीची पेरणी करते.

निष्कर्ष
किती कोटी माफ झाले, हे कर्जमाफीच्या यशाचे माप नव्हे. माफीनंतर घेतलेले पीककर्ज किती शेतकऱ्यांनी पिकाच्या उत्पन्नातून फेडले, हे खरे माप होय. ते मोजले जात नाही, तोवर शेतकरी सावरल्याचा दावा शंकास्पदच राहील.